तुझा हात हलका पडतोय का?

स्पीकरची खोकी तिसऱ्या मजल्यावर चढवायला चार माणसं लागली. लिफ्टमध्ये ती मावत नव्हती, आणि जिन्याच्या वळणावर तर आता कठडाच काढावा लागणार असं वाटलं. दुपारी साडेतीनच्या सुमाराला दोन्ही स्पीकर हॉलमध्ये उभे राहिले. माझ्या छातीपर्यंत येणारे, अक्रोडी रंगाचे, प्रत्येकात साडेसहा इंची दोन वूफर, म्हणजे खालचे सूर वाजवणारे पडदे. या जोडीसाठी मी चार वर्षं दर महिन्याला पैसे बाजूला टाकत होते. बँकेत नोकरी करणाऱ्या बाईने एवढ्या पैशांत काय काय घ्यावं हे सांगणारे पुष्कळ भेटले. पण मी आठव्या वर्षापासून तबला शिकते आहे, ताई गाते, आणि आमच्या घरात संध्याकाळचा एक तास ऐकण्याचा असतो. तो तास नीट ऐकू यावा एवढीच माझी इच्छा होती.

बसवून द्यायला आलेला मुलगा कामाला फार व्यवस्थित होता. त्याने मोजपट्टी काढून स्पीकर समोरच्या भिंतीपासून बरोबर चार फूट पुढे ठेवले. स्पीकर भिंतीपासून जितके पुढे, तितकं गाणं मागे खोलवर उभं राहतं, असं त्याने सांगितलं, आणि ते खरंच आहे. आमचा हॉल १६ फूट लांब आणि १० फूट रुंद. ऐकायची खुर्ची त्याने मागच्या भिंतीपासून चार फुटांवर ठेवली. स्पीकर भिंतीपासून चार फूट, खुर्ची भिंतीपासून चार फूट, मध्ये आठ फूट. बघायलासुद्धा ते छान दिसत होतं.

पहिलं काय लावायचं हे माझं केव्हाचं ठरलेलं होतं. लहानपणी कॅसेटवर आणि पुढे सीडीवर ऐकलेलं एक तबल्याचं एकलवादन, विलंबित तीनताल. त्यातला एकूण एक बोल मला पाठ आहे. सारंगीचा लेहरा सुरू झाला आणि अंगावर काटा आला. गजाचा खरखरीत स्पर्श, वादकाने घेतलेला श्वास, तर्जनीचं टोक चाटेवर पडताना होणारा तो बारीक टणका, सगळं समोर उभं राहिलं. मग डग्गा आला.

तबला वाजवणाऱ्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. ‘घे’ वाजवल्यावर मनगट पुडीवर दाबत पुढे सरकवलं की नाद खालून वर चढतो. त्याला आम्ही घिस्सा म्हणतो. त्या मींडेची, म्हणजे अखंड सरकत जाणाऱ्या नादाची, सुरुवात खर्जात, अगदी खालच्या सुरांत असते आणि ती कानापेक्षा पोटात जास्त कळते. इथे ती सुरुवातच नव्हती. जिन्याच्या खालच्या चार पायऱ्या कोणी काढून न्याव्यात आणि माणूस एकदम पाचवीवर दिसावा, तसा नाद अधांतरीच उगवत होता. डग्गा ओळखू येत होता, कारण त्याचे वरचे नाद शाबूत होते. पण त्याला वजन नव्हतं. आवाज वाढवला तर तबला टोचायला लागला आणि डग्गा होता तिथेच राहिला. ताई स्वयंपाकघरातून डोकावून म्हणाली, “छान वाजतायत गं.” मी मान हलवली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात फोन केला. “मॅडम, दोनशे तास वाजू द्या, मोकळे होतील,” असं उत्तर आलं. यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. नव्या वूफरची कड आणि आतली टेकू देणारी कापडी चकती सुरुवातीला थोडी ताठ असते आणि वापराने सैल पडते. पण हा फरक लहान असतो, आणि बराचसा पहिल्या काही तासांतच होऊन जातो. मी तीन आठवडे वाट पाहिली. ऑफिसला जाताना हळू आवाजात स्पीकर चालू ठेवून जायची. पायऱ्या काही परत आल्या नाहीत.

मग मी मुळापासून तपासायचं ठरवलं. सगळ्यात आधी, हवा तो नाद मुळात मुद्रणात आहे का? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? खाँसाहेब अब्दुल करीम खाँ आमच्या मिरजेचे, त्यामुळे त्यांच्या जुन्या तबकड्या इथे घरोघरी भक्तिभावाने ऐकल्या जातात. पण १९२५ च्या आधीच्या काळात भोंग्यात गाऊन जी ध्वनिमुद्रणं झाली, त्यांत खर्ज जवळपास नाहीच, कारण भोंग्याला तो पकडताच येत नव्हता. विजेवर चालणारा मायक्रोफोन आला आणि खालचे सूर तबकडीवर उतरायला लागले. अशा जुन्या मुद्रणात डग्गा शोधून स्पीकरला दोष देणं अन्यायाचं आहे. माझं मुद्रण मात्र अलीकडचं होतं. हेडफोन लावले, आणि मींड तळापासून वरपर्यंत अखंड ऐकू आली. म्हणजे आडात पाणी होतं.

दुसरी शंका वायरींची. दोन स्पीकरपैकी एकाची लाल-काळी तार उलटी जोडली गेली, तर एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. खालच्या सुरांत दोघे एकमेकांना खोडून काढतात आणि बेस नाहीसा होतो. हे तपासायला घड्याळातला दीड व्होल्टचा सेल पुरतो. ॲम्प्लिफायर बंद केला, त्याच्या बाजूने वायरी काढल्या, लाल तार सेलच्या अधिक टोकाला आणि काळी उण्याला क्षणभर टेकवायची. ताईने सेल धरला आणि मी टॉर्च घेऊन वूफरसमोर मांडी घालून बसले. “टेकव.” टक् असा बारीक आवाज झाला आणि पडदा तांदळाच्या दाण्याएवढा पुढे आला. चारही वूफर एकापाठोपाठ एक तपासले, चारही पुढे आले. स्पीकरच्या पाठीमागे जोडणीच्या दोन जोड्या होत्या आणि त्यांना सांधणाऱ्या पितळी पट्ट्या होत्या. त्यांचे स्क्रू पिळून पाहिले. घट्ट होते.

माझ्या स्पीकरला मागच्या बाजूने एक गोल नळी आहे, तिला पोर्ट म्हणतात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती एका ठराविक सुरात घुमते. तेच तत्त्व वापरून वूफरच्या मागे वाया जाणारी हवा खर्जाच्या कामाला लावायची, ही कल्पना जुनी आहे. बेल लॅबच्या अल्बर्ट थुरास यांना तिचं पेटंट १९३२ साली मिळालं. या नळीत कोंबायला स्पंजचे बोळे येतात आणि ते चुकून आत राहिले तर बेस दबतो. माझे बोळे खोक्यातच होते. तरी खात्री करावी म्हणून तेच वादन लावून मी देवघरातली उदबत्ती आणली आणि नळीच्या तोंडाशी धरली. धूर सरळ वर जात होता. ‘घे’ पडला आणि धूर फाटला. पुन्हा ‘घे’, पुन्हा धूर थरथरून बाजूला झाला. मी किती तरी वेळ तिथे उकिडवी बसून ते बघत होते. खर्ज स्पीकरमधून बाहेर पडत होता, हे मला डोळ्यांनी दिसत होतं. आणि तिथून आठ फुटांवरच्या खुर्चीत जाऊन बसलं की तो नव्हता.

दुकानातून आता तीन सल्ले आले होते: मोठा ॲम्प्लिफायर घ्या, जाड वायर घ्या, नाहीतर वेगळा सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज वाजवणारी पेटी, जोडा. वायरीची सांगितलेली किंमत ऐकून मी हिशोब मांडला. घरातल्या वायरिंगला वापरतात ती अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घेतली, तर तीन मीटरच्या अंतराला, जाऊन-येऊन सहा मीटरला, तिचा रोध एक ओहमच्या विसाव्या भागाहूनही कमी भरतो. स्पीकरचा स्वतःचा रोध काही ओहम असतो. एवढ्या फरकाने जिन्याच्या चार पायऱ्या नाहीशा होत नाहीत. अशा सल्ल्यांपायी लोकांचे फार पैसे जातात याचं मला मनापासून वाईट वाटतं. जे पैसे खर्च करतात, त्यांचं गाण्यावर प्रेम असतं म्हणूनच ते करतात.

उलगडा झाला तो एका रविवारी, आणि तो झाला मेथीची जुडी निवडताना. आतल्या खोलीत पाहुणे झोपले होते, म्हणून मी रियाजाला हॉलमध्ये बसले. समोरच्या भिंतीपाशी टीव्हीचं टेबल, म्हणून दोन स्पीकरच्या मधोमध, त्यांच्याच ओळीत चुंबळी मांडल्या आणि सुरुवात केली. ताई समोर ऐकण्याच्या खुर्चीत मेथी निवडत होती. दहा-पंधरा मिनिटं झाली असतील. ती हातातल्या काड्या बाजूला ठेवत सहज म्हणाली, “तुझा हात हलका पडतोय का गं आज?”

माझा हात जागच्या जागी थांबला. हात रोजच्यासारखाच पडत होता. पुडी तीच, डग्गा तोच, माझ्या कानाशी तर घुमारा भरपूर होता. “काय ऐकू येतंय तुला?” मी विचारलं. “तबला येतोय की. डग्गा जरा... आस नाही त्याला.” मी तिला म्हटलं, ताई, हलू नकोस, आणि बसल्या जागी डग्गा घेऊन भिंतीकडे सरकले. एक हात मागे. पुन्हा ‘घे’. “आता?” ती म्हणाली, “हं, आता आला.” पुन्हा पुढे आले. “गेला.” मग मी तिला उठून भिंतीला टेकून उभी राहायला सांगितलं आणि चार फुटांवरच्या त्याच जागेवरून वाजवलं. तिने डोळे मिटून घेतले होते. “इथे बरा आहे,” ती म्हणाली. मेथी तशीच पडून राहिली. पुढचा तासभर आम्ही दोघी त्या हॉलमध्ये सरकत होतो, ती ऐकत आणि मी वाजवत, आणि पाहुणे उठून दारात उभे राहून आमच्याकडे बघत होते.

म्हणजे स्पीकर निर्दोष होते. त्यांच्या जागेवर खराखुरा डग्गा ठेवला तरी तो त्या खुर्चीत पोचत नव्हता.

फोनवरच्या ॲपने डग्ग्याचा सूर बघितला. मी डग्गा जरा उतरून ठेवते, त्यामुळे आकडा सेकंदाला ७० कंपनांच्या आसपास होता. मुद्रणातल्या घिस्स्याची सुरुवातही ६८ ते ७२ च्या मध्येच हलत होती. आता हिशोब असा. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. सेकंदाला ७० कंपनं असतील तर एका लाटेची लांबी ३४३ भागिले ७०, म्हणजे ४.९ मीटर. फुटांत १६. आमचा हॉल १६ फूट.

खालचे सूर समोरच जात नाहीत, ते समईच्या उजेडासारखे चहूकडे पसरतात. डग्ग्याचा नाद जसा पुढे ताईकडे गेला तसाच मागे भिंतीकडेही गेला. भिंत चार फुटांवर. जाऊन चार, येऊन चार, आठ फूट. तबलजीला हे समजायला वेगळं गणित लागत नाही. १६ फुटांची लाट हा १६ मात्रांचा तीनताल धरा. पहिल्या मात्रेवर सम, आणि तिथून आठ मात्रा पुढे गेलं की नवव्या मात्रेवर खाली. भिंतीवर जाऊन परत आलेली लाट बरोबर आठ पावलं मागे पडलेली असते. एकीची सम येते तेव्हा दुसरीची खाली असते. दोघी एकमेकींना भेटतात आणि शांत होतात. खालीला आपण डग्गा बंदच ठेवतो, ‘धा’ चा ‘ता’ होतो. माझ्या हॉलमध्ये भिंत प्रत्येक ‘धा’ चा ‘ता’ करत होती.

खुर्चीच्या बाजूचं दुखणं याच गणिताचं दुसरं टोक. समोरासमोरच्या दोन पक्क्या भिंतींमध्ये नाद येरझारा घालतो आणि काही सुरांच्या बाबतीत हवेत जणू मुक्काम करतो. भिंतींपाशी तो दाटतो, मध्ये काही ठिकाणी विरतो. पूर्ण लाट खोलीत बसली की विरण्याच्या जागा दोन असतात, दोन्ही भिंतींपासून लांबीच्या चौथ्या भागावर. १६ चा चौथा भाग चार. स्पीकर एका विरलेल्या जागेवर, खुर्ची दुसऱ्या. त्या मुलाने किती नीटनेटकं मोजून मांडलं होतं! सगळं सारख्या अंतरावर मांडलं की डोळ्याला बरं वाटतं, पण खर्जाला तेच मारक ठरतं. सगळे खड्डे एकाच सुरावर येऊन पडतात.

मग मी उलट प्रयोग केला. खुर्ची जिथे ठेवायची मनात होती, मागच्या भिंतीपासून दीड फुटावर, तिथे मी डग्गा घेऊन बसले आणि ताईला समोरच्या भिंतीकडच्या पट्ट्यात हळूहळू फिरायला लावलं. ऐकणारा आणि वाजवणारा यांच्या जागा अदलाबदल केल्या तरी खोली त्यांच्याशी तशीच वागते, हा नियम हेल्महोल्ट्झ आणि रॅले यांनी १९व्या शतकातच मांडून ठेवला आहे. म्हणून खुर्चीतला डग्गा जिथे उभं राहून भरलेला ऐकू येईल, तिथे स्पीकर ठेवला की तो खुर्चीत भरलेला ऐकू येणार. लोक हाच प्रयोग सबवूफर खुर्चीवर ठेवून करतात. घिस्सा त्याहून सोयीचा, कारण एकाच आघातात खालपासून वरपर्यंतचा सगळा प्रदेश फिरून होतो आणि कुठे खड्डा पडतो ते लगेच कळतं. ताई दोन पावलं टाकून थांबायची, मान जराशी तिरकी करायची. गाणाऱ्या माणसाला स्वर कुठे कमी भरतो हे सांगावं लागत नाही. एका जागी ती थबकली. “इथे सगळा येतोय. वर जाताना मध्ये तुटत नाही.” मी फरशीवर खडूने फुली मारली. भिंतीपासून दोन फूट.

स्पीकर सरकवायला संध्याकाळी शेजारचे काका-काकू दोघंही आले. खाली सतरंजीची घडी घालून आम्ही इंच-इंच ओढले. पुन्हा तेच वादन लावलं. लेहरा, मग तबला, मग पहिला ‘घे’. मी खुर्चीच्या हातावर तळवा टेकवला होता आणि लाकूड माझ्या हाताखाली हललं. मींड तळापासून निघाली. चारही पायऱ्या होत्या. मला रडू आलं, ते मी आवरलं नाही.

काही गमावलंही. चार फुटांवर असताना सारंगी स्पीकरच्या बऱ्याच मागे, भिंतीच्याही पलीकडे बसल्यासारखी वाटायची. तो खोलवरपणा थोडा कमी झाला. भिंतीच्या जवळ गेल्याने मधल्या पट्टीतही किंचित बदल झाला, पुरुषी आवाज जरा भारदस्त वाटू लागले. स्पीकर दोन इंच पुढे-मागे करत, त्यांची तोंडं खुर्चीकडे थोडी वळवत मी पंधरा दिवस काढले. प्रत्येक जागेची फुली, तिच्याशेजारी तारीख. फरशी एखाद्या शिंप्याच्या कापडासारखी दिसत होती. त्या खोलवरपणाचं सुख आणि डग्ग्याचं वजन यांत मला एकच मिळणार असेल तर मी डग्गा घेईन. ज्यांच्या ऐकण्यात व्हायोलिन आणि सतारच जास्त आहे त्यांनी कदाचित उलट निवडावं.

गावातल्या जुन्या घरी बाबांचा स्टिरिओ होता. साधा, बंद पेट्यांचे लहानसे स्पीकर. त्यांवर डग्गा कधी हरवला नाही, आणि मी इतकी वर्षं त्याचं श्रेय त्या पेट्यांना देत आले. आता वाटतं ते श्रेय घराचं होतं. वर लाकडी तक्तपोशी, एक बाजू चौकाकडे उघडी, दारं-खिडक्या जुन्या, सैल. लाकडाची फळी खालच्या सुरांबरोबर हलते आणि हलताना त्यांची ताकद पिऊन टाकते. उघड्या बाजूने उरलेला नाद निघून जातो. येरझारा घालायला त्याला दोन पक्क्या भिंती मिळतच नाहीत. फ्लॅटच्या विटा-सिमेंटच्या भिंती नाद जवळजवळ जसाच्या तसा परत फेकतात, म्हणून इथे दाट जागा फार दाट आणि विरळ जागा अगदी रित्या. यावर जाड पडदे किंवा दोन इंची स्पंजच्या लाद्या लावा असंही मला सांगण्यात आलं होतं. त्यांनी टाळीचा खणखणाट कमी होतो, पण १६ फुटांच्या लाटेला दोन इंचांचा स्पंज कळतही नाही.

हे सगळं मी ओळखीच्या लोकांना इतक्यांदा सांगितलं की आता ज्यांचा बेस हरवतो ते मला फोन करतात. सगळ्यांचं दुखणं खोलीचंच असतं असं नाही. कोल्हापूरच्या एका स्नेह्यांकडे घराला रंग दिल्यानंतर आवाज पातळ झाला होता. पारदर्शक प्लॅस्टिकची जोडतार, तिच्यात एक तांबडी आणि एक कल्हई केल्यासारखी पांढरी. रंगाऱ्याने काढलेल्या वायरी परत जोडताना एका स्पीकरला तांबडी लालमध्ये गेली होती आणि दुसऱ्याला पांढरी. जुन्या तारेचं तांबं काळपट पडल्याने दोन्ही सारख्याच दिसत होत्या. पाच मिनिटांचं काम झालं. दुसऱ्या एकांच्या सिनेमाच्या रिसिव्हरमध्ये स्पीकरच्या नावापुढे ‘लहान’ असं निवडलेलं होतं आणि सबवूफर असल्याचंही नोंदवलं होतं. घरात सबवूफर नव्हताच. रिसिव्हर सेकंदाला ८० कंपनांच्या खालचा सगळा नाद त्या नसलेल्या पेटीकडे पाठवत होता.

रेकॉर्ड प्लेयर असेल तर आणखी एक गोष्ट आधी पाहावी. तबकडीवर खर्ज मुद्दाम दाबून कोरलेला असतो, कारण तो होता तसा कोरला तर सुईची वाट इतकी रुंद वळणं घेईल की एका बाजूला फारसं काही मावणार नाही. १९५४ पासून याचं एक ठरलेलं माप आहे. अगदी तळाच्या सुरांना ते जवळपास २० डेसिबलने उतरवतं, आणि वाजवताना फोनो नावाच्या जोडणीत तेवढंच परत चढवलं जातं. तीच वायर शेजारच्या साध्या जोडणीत खुपसली तर आवाज बारीक येतो आणि डग्गा जातो. मागच्या वर्षी एका बाईंच्या सासऱ्यांच्या तबकड्या अशाच सहा महिने मुक्या झाल्या होत्या. वायर बदलल्यावर त्यांनी फोन स्पीकरजवळ धरून मला ऐकवलं. फोनवर खर्ज येत नाही, पण त्यांचा आवाज मात्र भरून आला होता.

आणि रात्रीचं ऐकणं. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ साली माणसाच्या कानाची मोजमापं प्रसिद्ध केली. त्यांत दिसलं की आवाज हळू केला की खालचे सूर कानाला इतरांपेक्षा फार लवकर ऐकू येईनासे होतात. दहानंतर शेजाऱ्यांची झोप सांभाळून ऐकायला बसलं की डग्गा पुन्हा पातळ होतो. तिथे खोली, वायर, स्पीकर सगळे निर्दोष. बाबांच्या जुन्या ॲम्प्लिफायरवर ‘लाउडनेस’ लिहिलेलं एक बटण होतं, ते यासाठीच. रात्री ते दाबायचे आणि सकाळी आठवणीने वर काढायचे. माझ्या नव्या, महागड्या ॲम्प्लिफायरवर ते बटण नाही. शुद्धतेच्या नावाखाली ते काढून टाकलं गेलं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसांचा यात विचार झाला नाही, असं मला वाटतं. मी रात्री बेसची खुंटी दोन घरं चढवते.

एक खड्डा अजून उरलेला आहे. हॉलच्या १० फूट रुंदीत ५६ च्या आसपासचा सूर बरोबर मधल्या रेषेवर विरतो, आणि खुर्ची अर्थातच मधल्या रेषेवर आहे. तबल्याच्या वादनात तो फारसा जाणवत नाही. पखवाजावर थाप पडली की जाणवतो. पुढच्या महिन्यात पुस्तकांचं कपाट डाव्या भिंतीवरून हलवून खुर्ची हातभर बाजूला घेऊन बघायची आहे.

ताईला या सगळ्यात सुरुवातीला फारसा रस नव्हता. ती पहाटे हॉलच्या मधोमध सतरंजी टाकून तानपुरा घेऊन बसायची, गेली तीन वर्षं. तिची पट्टी काळी चार, त्यामुळे तिच्या तानपुऱ्याचा खर्ज १०४ च्या जवळ बोलतो. १६ फुटांच्या खोलीत त्याच्या आसपासचा सूर ज्या तीन जागी विरतो त्यांतली एक बरोबर मध्यावर येते. मी हे तिला कधी सांगितलं नव्हतं. गेल्या मंगळवारी पहाटे पाणी प्यायला उठले, तर हॉलमध्ये दिवा नव्हता आणि तानपुरा चालू होता. मधली फरशी रिकामी होती. अंधाराला डोळे सरावल्यावर ती दिसली. स्पीकरच्या पलीकडे, भिंतीला पाठ जवळजवळ टेकवून, भोपळा मांडीशी घेऊन बसली होती, आणि चौथी तार छेडल्यावर पुढची तार छेडायच्या आधी बराच वेळ थांबत होती.